चहा सोडणं सोपं असतं!

कॉलेज सुटलं की आम्हा चौघांचा अड्डा ठरलेला, अमृततुल्य. परवा ऑर्डर देताना आमची एक मैत्रीण म्हणाली, ‘दादा, तीनच द्या. मला नको.’ रोज तीन चहा पिणारी ही मुलगी! ‘अ‍ॅसिडिटी?’ ‘डाएट?’ ‘ब्रेकअप?’ आमचे सगळे अंदाज चुकले. ती हसून म्हणाली, ‘लेंट सुरू झालाय. चाळीस दिवस चहा बंद.’

तुमच्याही ग्रुपमध्ये असं कुणी असेल. ‘लेंट म्हणजे तुमचा श्रावण ना?’ असं म्हणून आपण विषय संपवतो. ते अगदीच चूक नाही, पण तेवढंच नाही.

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, प्रायश्चित्तकाळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. कॅलेंडरवर मोजलंत तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, की उरले ४०. येशूने रानात उपवास करून काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. पहिल्या दिवशी चर्चमध्ये कपाळावर राखेने क्रूस काढतात. ही राख येते कुठून? गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात घेऊन मिरवलेल्या झावळ्या जाळून. कालचा जल्लोष, आजची राख.

कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे सक्तीच्या उपवासाचे दिवस. १८ ते ५९ वर्षांच्या लोकांनी या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. बाकीचे दिवस काय सोडायचं, हे बरेच जण स्वतःच ठरवतात. कुणी मटण सोडतं, कुणी गोड, कुणी इन्स्टाग्राम. पण उपवास ही तीनातली एकच गोष्ट. दुसरी प्रार्थना, तिसरी दान. या तिन्ही एकत्र चालायला हव्यात. आमच्या मैत्रिणीचं गणित सोपं आहे. दिवसाला तीन चहा, एक दहा रुपयांचा धरला, तर ४० दिवसांचे १,२०० रुपये. ते डब्यात साठतायत आणि ईस्टरआधी गरजूंसाठी जाणार आहेत. वाचवलेले पैसे पुन्हा स्वतःच्याच पिझ्झावर उडवले, तर ती ‘एकादशी, दुप्पट खाशी’च झाली की!

चहा आणि प्रायश्चित्त म्हटलं की पुण्याला एक जुनी गोष्ट आठवायलाच हवी. गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाचा उंच घंटामनोरा तुम्ही येता-जाता पाहिला असेल. हा पंचहौद मिशनचा परिसर. ऑक्टोबर १८९० मध्ये इथे एका कार्यक्रमाला पुण्यातली बडी मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नाही. पण गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात गदारोळ झाला. ख्रिश्चनांच्या हातचा चहा, म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलंय, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. मित्रांची अडचण सुटावी म्हणून त्यांनी ते घेतल्याचं सांगतात, पण त्यावरून सुधारक त्यांच्यावर चिडले ते चिडलेच.

आज आपल्याला हसू येतं. एका कप चहासाठी एवढा तमाशा? पण जरा थांबा. चहा पिण्याने कुणाचंही नुकसान झालेलं नव्हतं. तरी प्रायश्चित्त मागितलं गेलं, कारण चार लोक काय म्हणतील हा प्रश्न होता. विधी झाला, लोकांचं समाधान झालं, विषय मिटला. मन बदलायची गरजच कुणाला पडली नाही.

आपणही आज असंच वागतो, नाही का? कुणी चुकीची पोस्ट टाकली की स्क्रीनशॉट फिरतात, ‘माफी माग’ म्हणून झुंड तुटून पडते, दोन ओळींची माफी येते आणि दुसऱ्या दिवशी सगळे नव्या पोस्टकडे वळतात. ज्याला खरंच लागलं, त्याला कुणी विचारतच नाही.

लेंटचा आग्रह नेमका याच्या उलट आहे. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्यात येशू सांगतो की उपवास करत असाल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. म्हणजे ‘डे वन ऑफ लेंट’ची स्टोरी टाकायची नाही! मराठी बायबलमध्ये आपण ‘पश्चात्ताप’ वाचतो, तिथे मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’. त्याचा अर्थ मन पालटणं. आणि मन पालटलं की ते हातातून दिसतं. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे. तो रडत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायची तयारी दाखवतो.

हे सगळं मला कळलं ते पुस्तकातून कमी, मैत्रिणीकडून जास्त. दुसऱ्या आठवड्यात मी तिला विचारलं, ‘चहाविना फार त्रास होतोय का गं?’ ती म्हणाली, ‘चहाचं काही नाही रे. दुसरंच डोक्यात घोळतंय.’

गेल्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये सगळा सर्व्हे तिच्या पार्टनरने केला होता. उन्हात पेठा पालथ्या घातल्या होत्या तिने. प्रेझेंटेशनला ती आजारी पडली, हिने एकटीने सादर केलं. सरांना वाटलं, सगळं काम हिचंच. हिने तोंड उघडलं नाही. मार्क मिळाले, मैत्री गेली. ‘चहा सोडून मी कुणाला फसवतेय?’ असं तिला वाटायला लागलं. मग ती सरांना भेटली आणि खरं काय ते सांगितलं. बोलणी खाल्ली, मार्कही कमी झाले. त्यानंतर ती त्या मुलीकडे गेली. मुलीने ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि निघून गेली.

‘माफ केलं का तिने?’ मी विचारलं.

‘माहीत नाही. ते तिच्यावर आहे. सांगणं माझ्यावर होतं.’

तुम्ही ख्रिश्चन असा-नसा, श्रावण पाळा, रोजे ठेवा किंवा यातलं काहीच करू नका. फक्त एकदा फोनमधली चॅट खाली खाली नेऊन बघा. एखादं नाव येईल, जिथे शेवटचा मेसेज त्यांचा आहे आणि उत्तर तुम्ही दिलेलं नाही. कधी नोट्स घेऊन परत न दिलेल्या, कधी उसने पैसे, कधी ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर उडवलेली टर. साखर, चहा, रील्स सोडायला चाळीस दिवस पुरतात. त्या नावाला फोन लावायला कधीकधी वर्षही पुरत नाही.

मैत्रिणीचा डबा अजून भरतोय. ईस्टर झाला की आम्ही पुन्हा अमृततुल्यवर चार चहा सांगणार आहोत. पाच सांगायची वेळ आली, तर पाचव्याचे पैसे मी देईन.