घरची कॉफी – लेखांक ६ : खोक्यावरचे बार

मागच्या आठवड्यात मोका पॉट झाला. त्यातली कॉफी कडक असली तरी तिला एस्प्रेसो का म्हणत नाहीत, तेही पाहिलं. मग घरासाठी परवडणारं एस्प्रेसो मशीन कोणतं घ्यावं?

दुकानात पहिली नजर जाते ती खोक्यावरच्या ठळक आकड्याकडे. १५ बार, २० बार. त्याला भुलू नका. एस्प्रेसोला साधारण ९ बार लागतात, म्हणजे भोवतालच्या हवेच्या सुमारे नऊपट दाब. मिलानच्या अकिले गाजियाचं स्प्रिंग आणि दांड्याचं मशीन १९४८ मध्ये बाजारात आलं, तेव्हा कपावर तो तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. आधीची यंत्रं वाफेच्या जोरावर दीड बारच्या आसपासच अडकायची. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने दांड्याऐवजी विजेचा पंप लावला आणि ९ बारचा पायंडा पक्का झाला. खोक्यावरचे १५ बार म्हणजे वाट अडवली तर आतला पंप फार तर किती जोर लावेल, एवढंच. त्यावरून चव कळत नाही. मात्र ‘४ बार’ लिहिलेली स्वस्त यंत्रं बहुधा पंपाविना, वाफेवरच चालतात. घरात मोका पॉट असेल तर ती घेऊ नका.

खरी मेख बास्केटमध्ये आहे. पोर्टाफिल्टरमधली, म्हणजे यंत्राला अडकवायच्या मुठीच्या पेल्यातली, जाळीची वाटी काढून उजेडासमोर धरा. खालून शेकडो बारीक भोकं दिसली तर ती साधी बास्केट. वरून जाळी, पण खालून एकच टाचणीएवढं भोक असेल तर ती दुहेरी तळाची. ही दुसरी दळण कसंही असलं तरी स्वतःच दाब तयार करते आणि फेसही काढून देते. दिसायला झकास, चवीला पोकळ. तयार पूड वापरणार असाल तर तीच बरी. पण पुढे शिकायची हौस असेल, तर त्या यंत्राला साधी बास्केट मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

साध्या बास्केटला मात्र ग्राइंडर हवाच. मिक्सरमधून काढलेल्या कॉफीत अर्धं पीठ, अर्धा रवा असतो. पाणी रव्यातून पळतं आणि पिठात अडतं. १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम रस उतरवायचा, तर दळण एकसारखं हवं आणि ते किंचित बारीक-जाड करता यायला हवं. म्हणून माझं मत असं, की पंचवीस हजार खर्चायचे असतील तर त्यातले निदान आठ-दहा हजार एस्प्रेसोइतकं बारीक दळणाऱ्या हातग्राइंडरला द्यावेत. विजेचाच हवा असा हट्ट नको. त्या पैशात हाताचा जास्त चांगला मिळतो.

अमेरिकेतून कुणी येणार असेल तर ‘तिकडून स्वस्तात घेऊन ये’ हा मोह होतोच. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. पाणी तापवायलाच हजाराच्या वर वॅट लागतात, म्हणजे मोबाइलच्या चार्जरएवढा अडॅप्टर नाही, ओट्यावर जड ट्रान्सफॉर्मर येणार. त्यापेक्षा फ्लेअरसारखं हाताने दाबायचं यंत्र मागवा. त्याला वीजच लागत नाही, दाब तुमच्या दंडाचा. पाणी वेगळं उकळावं लागतं आणि दोन कपांच्या मधे वेळ जातो, त्यामुळे चार पाहुण्यांना एकदम पाजायचं असेल तर ते कामाचं नाही. एकट्यादुकट्यासाठी, कमी पैशात खरी एस्प्रेसो हवी असेल तर माझी पहिली पसंती तीच.

पंपाचं मशीन घेतलंत तर पाण्याकडे बघा. बोअरचं जड पाणी महिन्यामहिन्याने आत क्षार साठवतं, धार मंदावते. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने डिस्केलिंग करा. व्हिनेगर नको, वास मागे राहतो.

दुधाला फेस आणणाऱ्या वाफेच्या नळीबद्दल इथे काहीच लिहिलं नाही. तो पुढच्या आठवड्याचा विषय.