घराची वाढ आणि पाण्याची वाट : ओझर परिसरातील पाणथळ जागांचे नियम

निफाड तालुक्यातील ओझर हे बाणगंगेच्या काठचे गाव. १९६४ मध्ये येथे विमान कारखाना सुरू झाला आणि गावाच्या भोवती वसाहती वाढत गेल्या. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेली अनेक कुटुंबे आज हातातील पुंजी घरात घालीत आहेत. कोणी वरचा मजला चढवितो, कोणी मागील अंगणात खोली काढतो, कोणी सखल प्लॉटमध्ये मुरूम टाकून तो रस्त्याच्या पातळीला आणतो. या कामांत काहीही गैर नाही. परंतु प्लॉटला लागून ओढा, नदी, तळे किंवा पाणथळ जमीन असेल, तर खर्च करण्यापूर्वी काही नियम समजून घेणे आवश्यक आहे. ते साध्या शब्दांत मांडण्याचा हा आमचा प्रयत्न आहे.

पाणथळ जागा म्हणजे काय?

वर्षभर अथवा वर्षातील काही काळ जेथे उथळ पाणी साचून राहते, अशी दलदल, तळी व पाणवठे यांना पाणथळ जागा म्हणतात. आपल्या तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे याचे ठळक उदाहरण. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. तेथून निघालेल्या कालव्यांनी दूरवरची शेती भिजली. पुढे जलाशयात गाळ साचत गेला, उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. येथे ५३६ जीवजातींची नोंद झाली आहे. पुराचे पाणी सामावून घेण्याचे कामही ही जागा करते. नागरी वाढ व पाण्याचा उपसा यांमुळे तिला धोका असल्याचे रामसरच्या नोंदीत म्हटले आहे.

कोणता नियम कोठे लागू होतो?

या बाबतीत सर्वांत अधिक गोंधळ आढळतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम लागू केले. रामसर स्थळे व शासनाने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागा यांना ते लागू आहेत. अशा जागेत भराव टाकणे, अतिक्रमण करणे, कचरा टाकणे व प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस मनाई आहे. नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत बोटींचा धक्का वगळता कोणतेही पक्के बांधकाम करता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो, आणि अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालेले असल्यास त्यातील गटांना त्या अधिसूचनेच्या अटी पाळाव्या लागतात.

२०१७ च्या नियमांतून नदीचे पात्र, भातखाचरे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी खास बांधलेले तलाव वगळलेले आहेत. यावरून काही जण असा अर्थ काढतात की, बाणगंगेच्या किंवा ओढ्याच्या काठी कोणतेच बंधन नाही. हा अर्थ चुकीचा आहे. तेथे पूररेषेचे व नगररचनेचे नियम लागू होतात.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे लाल रेषा. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आहे. तेथे बाग, मोकळे मैदान, वाहनतळ अशा मोजक्या वापरांनाच मुभा असते. निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्रात अटींवर बांधकाम करता येते. निळ्या रेषेच्या आतील जुन्या अधिकृत घराचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास, राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तो लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर करावा लागतो. ओढ्यानाल्यांपासूनही ठरावीक अंतर सोडावे लागते.

मोठ्या तळ्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात नोंदलेल्या २.२५ हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. म्हणून 'अधिसूचना निघालेली नाही' एवढ्यावर विसंबून राहणे योग्य ठरणार नाही.

'नंतर नियमित करून घेऊ'

हे वाक्य आपल्याकडे सहज बोलले जाते. पंजाबातील पतियाळा जिल्ह्यात गावतळ्याच्या जागेवर भराव टाकून काही लोकांनी घरे बांधली. जमिनीची किंमत भरून ती नियमित करण्याचा आदेशही त्यांना मिळाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायालयाने तो आदेश अवैध ठरविला व जागा गावाला परत देण्यास सांगितले. घरासाठी खर्च झाला आहे, हे कारण न्यायालयाने मानले नाही. ज्या कुटुंबाची सारी बचत एकाच घरात आहे, त्याने हा निकाल अवश्य लक्षात ठेवावा.

काम सुरू करण्यापूर्वी

आतील गिलावा, रंग, फरशी अशा दुरुस्तीचा प्रश्न सहसा येत नाही. नवी खोली, वाढीव मजला, कुंपणभिंत किंवा भराव यांपूर्वी मात्र आपण पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो :

१. सातबारा व गटाचा नकाशा काढून त्यावर ओढा, नाला किंवा तळे दाखविले आहे काय, ते पाहावे. शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी.
२. नगरपरिषदेकडे किंवा नगररचना कार्यालयात जागेचा झोन दाखला मागावा व परवानगी लेखी घ्यावी.
३. नदीकाठचा प्लॉट असल्यास जलसंपदा विभागाकडील पूररेषेचा नकाशा पाहावा.
४. अभयारण्यालगतचा गट असल्यास वन्यजीव विभागाकडे लेखी विचारणा करावी.
५. प्लॉट विकत घेत असल्यास ही सर्व चौकशी विसार देण्यापूर्वी करावी.

परवानगी मिळाल्यानंतरही काही काळजी घ्यावी. कुंपणभिंतीत पाण्याच्या उताराप्रमाणे मोऱ्या ठेवाव्यात. जुन्या बांधकामाचा राडारोडा नाल्यात टाकू नये. शोषखड्डा विहिरीपासून व ओढ्यापासून दूर घ्यावा. अंगण सर्व बाजूंनी काँक्रीटने बंद न करता काही भाग मातीचा ठेवावा. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवरील नव्या किंवा वाढीव बांधकामास पर्जन्यजल साठवण बंधनकारक आहे. लहान प्लॉटवरही छताचे पाणी जमिनीत मुरविले, तर आपल्याच विहिरीला त्याचा लाभ होतो.

ऑगस्ट २०१९ मधील गोदावरीच्या पुरात याच तालुक्यातील चांदोरी व सायखेडा येथे घराघरांत पाणी शिरले. अशा मोठ्या पुराचे कारण एका घराचा भराव नसतो, हे आम्ही जाणतो. परंतु एका प्लॉटची पातळी दोन फुटांनी वाढली, की तेथे साचणारे पाणी शेजारच्या अंगणात जाते. तेथील कुटुंबही भराव टाकते, आणि शेवटी ज्याच्याकडे भरावासाठी पैसे नाहीत, त्याच्या घरात पाणी शिरते. १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था उभारून ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणी वाटून घेण्याचा धडा महाराष्ट्राला दिला. घर बांधतानाही तोच धडा उपयोगी पडेल. आपल्या प्लॉटवरून पाणी आजवर कोठे जात होते आणि काम झाल्यावर ते कोठे जाईल, हा प्रश्न प्रत्येकाने गवंडी बोलाविण्यापूर्वी स्वतःला व शेजाऱ्याला विचारावा, अशी आमची विनंती आहे.