चबुतऱ्यावर कोण बसलंय?

2015 साली हैदराबादच्या दक्षिण विभागातल्या पोलिसांनी रात्रीची एक मोहीम काढली. तिचं नाव 'ऑपरेशन चबुतरा'. कुणी 'मिशन चबुतरा'ही म्हणे. जुन्या शहरात मध्यरात्र उलटल्यावर बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, घरांपुढच्या दगडी बैठकींवर गप्पा छाटणारी पोरं उचलायची, आईबापांना बोलावून घ्यायचं, त्यांच्यादेखत समजुतीचे चार शब्द सुनवायचे आणि सोडून द्यायचं. गुन्हा काय, तर अवेळी चबुतऱ्यावर बसणं.

गंमत अशी की मोगल अमदानीत खुद्द कोतवालाच्या कचेरीलाच चबुतरा म्हणत. तेव्हा चबुतऱ्यावर कोतवाल बसायचा आणि पोरांना तिथे हजर करायचे. आता पोरं बसली आणि कोतवालाला यावं लागलं. गुजरातेत हाच शब्द उडून पाखरांकडे गेला. तिथला चबुतरो म्हणजे कबुतरांना दाणे टाकण्यासाठी उभारलेला खांबावरचा मनोरा. हैदराबादचा चबुतरा मात्र जमिनीला धरून राहिला. हात-दीड हात उंच, वर बहुधा शहाबादी फरशी. दिवसा तापते, रात्री गार पडते. पोरं रात्रीच का बसतात, याचं अर्धं उत्तर त्या फरशीतच आहे.

पेशवाईतल्या पुण्यात कोतवालाच्या जागेला चावडी म्हणत, कोतवाल चावडी. हा शब्द हैदराबादेतही भेटतो. सुलतान बाजाराला लागून 'बडी चावडी' आहे. रिक्षावाला तिला 'बडीचौडी' म्हणतो. हा भाग मराठी माणसाच्या पायाखालचा. विवेकवर्धिनीची शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालय, सगळं जवळपासच. चावडी तेलुगूत आहे, कन्नडात आहे, तमिळमध्ये 'सावडी' होऊन आहे. तिची मूळ मालकी कुणाची यावर भांडण्यात अर्थ नाही. पण ऐकणाऱ्याला तिचा अर्थ लगेच कळतो: इथे आपण होऊन बसायचं नाही, बोलावणं आलं की जायचं.

या शब्दांचा खरा अर्थ उंचीत नाही, असं मला वाटतं. किती फूट वर, हे कुठलाच शब्द सांगत नाही. तिथे बसायला कुणाला विचारावं लागतं, ते सांगतो. ओट्यावर बसायला घरधन्याची ओळख पुरते. पारावर तीही लागत नाही, फक्त गाव तुमचं असावं लागतं, आणि पूर्वी जातही पाहिली जाई. मराठवाड्यातल्या वाड्यांत याहून बारीक हिशेब आहे, तो ढेळजेचा. फारसीतला दहलीज म्हणजे उंबरा. तो मराठवाड्यात आला आणि आडवा झाला: दिंडी दरवाजातून आत शिरल्यावर दोन्ही अंगांना बसायचे जे ओटे असतात, त्या जागेचं नाव ढेळज. सोयरा ढेळज ओलांडून आत जाई, वसुलीला आलेला माणूस ढेळजेतच थांबे. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शब्द घरात रुळायला तेवढा सहवास भरपूर झाला.

देवाणघेवाण दुसऱ्या अंगानेही झाली. हैदराबादी बोलीतला 'नक्को' आणि जोर देणारा 'च' आपल्याकडचा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बैठकीच्या बाबतीत दखनी माणूस उर्दूकडेच झुकला. घरात लाकडी तख्त, त्यावर पांढरी चांदणी. जेवायला बुटकी चौकी. आणि आपले गवंडी ज्याला जोतं म्हणतात त्याला उर्दूत 'कुर्सी'. इमारतसुद्धा खुर्चीवर बसते! गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही मकबऱ्यांपुढे उभं राहिलं की तो शब्द पटतो. महंमद कुली कुतुबशहाचा मकबरा उंच चौथऱ्यावर खरोखरच दरबार भरवून बसल्यासारखा दिसतो. चौमहल्ला राजवाड्यातल्या खिलवत मुबारकमध्ये संगमरवरी ओटा आहे, त्यावर निजामाचं तख्त मांडलं जाई. आता निजाम नाही. पर्यटक वर पाहतात ते झुंबरांकडे.

तेलुगूत वेगळीच दुनिया. घरापुढचा ओटा म्हणजे अरुगु. तुळशी वृंदावनाला 'तुलसी कोट', म्हणजे चक्क किल्ला. गावाच्या पाराला रच्चबंड. मराठी कान 'बंड' ऐकून सावध होतो, पण रच्च म्हणजे चारचौघांनी जमायची जागा आणि बंड म्हणजे शिळा. या शिळेचं नाव आंध्र प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी लोकांत जाऊन गाऱ्हाणी ऐकण्याच्या कार्यक्रमाला दिलं. 2 सप्टेंबर 2009 रोजी त्याच कार्यक्रमासाठी ते हैदराबादहून चित्तूरकडे हेलिकॉप्टरने निघाले आणि नल्लमलाच्या जंगलात अपघातात गेले. पाराकडे निघालेला माणूस पारापर्यंत पोचलाच नाही.

गद्दे, म्हणजे ओटा, हा तेलुगू शब्द मात्र थेट देवाचा. मुलुगू जिल्ह्यात मेडारमला दर दोन वर्षांनी सम्मक्का-सारलम्मा जत्रा भरते. सारलम्मा कन्नेपल्लीहून येते, सम्मक्का चिलकलगुट्टा टेकडीवरून, आणि दोघी गद्द्यांवर विराजमान होतात. लोक गुळाच्या ढेपी वाहतात आणि त्या गुळाला बंगारम, सोनं, म्हणतात. मग देवी रानात परत जातात. मधली दोन वर्षं तिथे जायचं ते ओट्याच्याच दर्शनाला. मूर्ती नाही, गाभारा नाही. पंढरीची वारी अंगवळणी पडलेल्या माणसाला हे सुरुवातीला चुकल्यासारखं होतं.

व्यासपीठाची गोष्ट आपल्यालाच ठाऊक असायला हवी. पुराण सांगणाऱ्याचं हे आसन. आता माईक लावला की कुठलीही फळी व्यासपीठ होते. 1931 चं मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. उर्दू ही राजभाषा असलेल्या संस्थानाच्या राजधानीत मराठीला त्या दिवसांपुरतं व्यासपीठ मिळालं, तेही ज्याने शब्द आणि विषय खंडांमागून खंडांत लावून ठेवले अशा माणसाच्या हाती.

राहिला कट्टा. मुंबई-पुण्यात तो गप्पांचा. कन्नडातला कट्टे झाडाभोवतीचा, आपल्या पारासारखा. तेलुगूतला कट्ट म्हणजे तलावाचा बांध. हैदराबादेत सोळाव्या शतकात, इब्राहिम कुतुबशहाच्या काळात हुसेनसागर झाला. त्याच्या बांधावरचा रस्ता तो टँक बंड. एन. टी. रामाराव यांनी तिथे तेहतीस थोरांचे पुतळे उभे केले. 10 मार्च 2011 रोजी स्वतंत्र तेलंगणासाठी निघालेल्या 'मिलियन मार्च'मध्ये त्यांतले बरेच उखडले गेले. राग चौथऱ्यांवर नव्हता, त्यावर कुणाला बसवलं यावर होता. काही काळ नुसते चौथरे उभे होते. पुढे पुतळे पुन्हा बसवले.

त्याच बांधाखाली, लोअर टँक बंडला, कट्टमैसम्माचं देऊळ आहे. कट्ट्याची मैसम्मा, तलावाचा बांध राखणारी देवी. आषाढातल्या बोनालूत बाया डोक्यावर भाताची मडकी घेऊन तिच्याकडे येतात. कट्टा तिच्या नावावर आहे. ती बसते मात्र खाली, बांधाच्या कोरड्या बाजूला.