सोपानामागून सोपान

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्ताम्बा हिच्या नावाने येथे छत्र उभारले; त्यामुळे मराठी वाचकाला ते सर्वस्वी परके वाटू नये. सभोवार भातशेती, नारळीच्या बागा आणि कावेरीचे पाणी आणणारे कालवे. अशा गावातील दहा-अकरा वर्षांचा मुलगा शाळेच्या स्काउट पथकात दाखल होतो, तेव्हा त्याच्या गणवेशाची बाही कोरी असते. तिच्यावर एकेक चिन्ह कसे चढते, ते येथे पाहू.

पहिली पायरी ‘प्रवेश’ ही होय. या अवधीत मुलाने स्काउटची प्रतिज्ञा व नियम समजून घ्यावयाचे, डाव्या हाताने हस्तांदोलन का करतात ते जाणून घ्यावयाचे आणि रोज एक तरी सत्कृत्य करावयाचे. त्यानंतर दीक्षाविधी होतो आणि गळ्यात स्कार्फ येतो. पुढे प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरी. मराठी माणसाला हा शब्द ज्ञानदेवांच्या धाकट्या भावामुळे आधीच जवळचा आहे. इंग्रजी परंपरेतील ‘दुसरा वर्ग’, ‘पहिला वर्ग’ या नावांत प्रतवारीचा जो वास येतो, तो या शब्दात नाही, हे मला विशेष वाटते.

प्रथम सोपानात दोरीच्या गाठी येतात. सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडणारी सपाट गाठ वेगळी, खांबाला दोर बांधण्याची वेगळी, आणि माणसाच्या कमरेभोवती घालावयाचा, ओढ बसली तरी न आवळणारा फासा वेगळा. केवळ फळ्यावर आकृती काढून येथे भागत नाही; दोर हाती घेऊन गाठ बांधावी लागते. पुढे प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक असे विषय चढत जातात, आणि प्रत्येक दोन सोपानांमध्ये काही महिने पथकात काम केलेले असावे लागते. घाईने शिडी चढता येत नाही.

या शिक्षणाचे मोल ओरत्तनाडुसारख्या ठिकाणी सहज पटते. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिणम् व वेदारण्यम् यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले आणि या भागातील नारळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. झाडे रस्त्यावर पडलेली, वीज नाही, अशा वेळी जखम बांधता येणे किंवा ओझे दोराने नीट आवळता येणे ही परीक्षेपुरती विद्या राहत नाही.

सोपानांच्या जोडीला प्रावीण्य चिन्हे असतात. सायकलस्वार, स्वयंपाकी, माळी, जलतरणपटू, अग्निशामक अशी ती अनेक आहेत. पुढच्या सोपानांसाठी त्यांतील काही मिळवावीच लागतात. परंतु निवडीला वाव असतो. सरफोजी राजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात तंजावरच्या छत्रांतील अनाथ मुलांविषयी असे म्हटले आहे की, ज्या विद्येची आवड ते दर्शवतील ती त्यांना शिकवली जाते. शंभर वर्षांनंतरच्या स्काउट चळवळीशी याचा संबंध नाही, पण विचार ओळखीचा आहे.

चिन्हाची परीक्षा शक्यतो त्या विषयाच्या जाणकाराने घ्यावयाची असते, पथकाच्या स्काउटमास्तराने नव्हे. आणि कसोटी कोणती? चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांचे मत स्पष्ट होते : गुणवत्तेची एकच ठराविक रेषा सर्वांसाठी आखू नये, मुलाने किती प्रयत्न केला ते पाहावे. मंदगती मुलगा आणि चलाख मुलगा यांना एकाच मापाने मोजले, तर पहिला पथक सोडून जातो.

हे तत्त्व भारतात मात्र आरंभी सर्वांच्या वाट्याला आले नाही. १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झालेली पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांची होती. भारतीय मुलांना दार बंद होते. म्हणून १९१६ साली ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रासमध्ये निराळी संघटना काढली. तिची मुले फेटा बांधीत. १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले, त्या वर्षी ती त्यांच्या संघटनेत विलीन झाली. तरी वेगवेगळ्या संघटना राहिल्याच. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी मुलींच्या गाइड शाखाही तीत आल्या.

आज अडचण वेगळी आहे. राज्य पुरस्कारावर राज्यपालांची आणि त्यापुढच्या पुरस्कारावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी असते; रेल्वेच्या नोकरभरतीत स्काउट-गाइडांसाठी राखीव जागाही आहेत. त्यामुळे पालकांचे लक्ष गाठीपेक्षा कागदाकडे अधिक असते. त्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु शेतकरी कुटुंबाला नोकरी ही लहान गोष्ट नव्हे. भार पडतो तो परीक्षकावर. पोहता न येणाऱ्या मुलाच्या वहीत ‘पोहतो’ असे लिहिणे म्हणजे कालव्याच्या गावात त्याच्या जिवाशी खेळ होय. अशा मुलाला नापास करून घालवून देत नाहीत. सरावासाठी परत पाठवतात, आणि त्याची वही पुढच्या खेपेपर्यंत त्या पानावर कोरीच राहते.