दंडितांची वसाहत आणि भूमिपुत्र

२६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिप याने सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश निशाण रोवले. त्याच्या ११ जहाजांच्या ताफ्यात सुमारे ७५० बंदिवान होते. अमेरिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्याने तेथे कैदी धाडण्याचा मार्ग बंद झाला होता. इंग्लंडचे तुरुंग ओसंडू लागले होते. त्यावर शोधलेला हा उपाय. बहुतेकांचा अपराध चोरीचा आणि शिक्षा सात वर्षांच्या काळ्या पाण्याची. मुदत संपल्यावर मायदेशी परतण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा होता. साहजिकच अनेकांची हद्दपारी आजन्म ठरली.

ही भूमी निर्जन नव्हती. खाडीच्या काठी कॅडिगल आदी कुळे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगत होती. त्यांच्याशी सलोख्याने वागावे, अशी फिलिपला राजाज्ञा होती. तथापि ज्यांची भूमी घ्यावयाची त्यांच्याशीच सलोखा कसा राखावयाचा, याचे उत्तर त्या आज्ञेत नव्हते. भुकेलेल्या वसाहतीची जाळी त्यांचेच मासे ओढू लागली. बंदिवान त्यांचे भाले व गळ चोरून खलाशांना विकू लागले.

मार्च १७८९ मध्ये १६ बंदिवान सूड उगविण्यासाठी बॉटनी बेकडे निघाले. मूळ रहिवाशांनी त्यांच्यातील एकाला ठार केले व सात जणांना जखमी केले. फिलिपने बंदिवानांनाच दोषी धरून फटक्यांची शिक्षा फर्मावली. ती पाहण्यास अराबानूला उभे केले. दुभाष्या म्हणून उपयोगी पडावा यासाठी त्याला १७८८ च्या अखेरीस बळाने पकडून आणले होते. इंग्रजांचा न्याय पाहून तो संतुष्ट होईल, अशी अपेक्षा होती. त्याच्या मुद्रेवर दिसली ती केवळ शिसारी आणि भीती. थोड्याच आठवड्यांत देवीची साथ आली आणि रुग्णांची शुश्रूषा करणारा अराबानू मे महिन्यात तिलाच बळी पडला. जवळपासची निम्मी माणसे त्या साथीत गेली, असे बेनेलाँगने पुढे फिलिपला सांगितले.

१७९१ मध्ये हाच प्रसंग पुन्हा घडला. डारिंगा या स्त्रीचे मासेमारीचे साहित्य चोरणाऱ्या बंदिवानास तिच्यादेखत फटके मारण्यात आले. जिची वस्तू चोरीस गेली ती डारिंगाच रडू लागली. बेनेलाँगची पत्नी बारांगारू तर काठी उचलून फटके मारणाऱ्याच्या अंगावर धावून गेली. ही हकीकत वॉटकिन टेंच या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच नोंदवून ठेवली आहे. ‘रानटी’ कोणास म्हणावे, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

म्हणून दोघांचे दुःख एकच होते असे मात्र मानता येत नाही. बंदिवानाची बेडी एक दिवस सुटत असे. जेम्स रूससारख्या मुक्त कैद्यास परामट्टा येथे ३० एकर जमीनही मिळाली. ती कोणाची होती, हे विचारण्याची गरज सरकारला वाटली नाही. त्या अतिक्रमणाविरुद्ध लढणारा पेमुलवुय १८०२ मध्ये गोळीस बळी पडला आणि त्याचे शिर इंग्लंडला धाडले गेले. एका दंडिताचे पुनर्वसन हे दुसऱ्या निरपराध्याचे निर्वासन ठरले.

ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, हा कायद्याचा सिद्धांत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्यात १९९२ मध्ये नाकारला. त्यास २०४ वर्षे लागली. डारिंगाच्या गळासाठी तत्परतेने चाबूक उगारणाऱ्या राजवटीला तिच्या किनाऱ्याची चोरी कधी दिसलीच नव्हती.