विश्लेषण : मेपल साखरेचा महिना का सरकतो आहे?

उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स परिसरातील अनिशिनाबे आदिवासींच्या भाषेत एप्रिल महिन्याचे नाव ‘इस्किगमिझिगे गीझिस’, म्हणजे रस आटवण्याचा चंद्र. पण अलीकडे रस एप्रिलची वाट पाहत नाही.

रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असेल, तरच मेपलच्या खोडाला पाडलेल्या छिद्रातून रस ठिबकतो. तो पाण्यासारखा पातळ असतो. सुमारे 40 लिटर रस आटवला की जेमतेम एक लिटर पाक मिळतो. तो आणखी आटवून लाकडी कुंडात घोटत राहिले की रवाळ साखर होते. खरे महत्त्व या साखरेला, कारण ती वर्षभर टिकते. मासे, मांस, जंगली तांदूळ या सगळ्यांत ती पडते.

साठवणीचे डबे म्हणजे ‘मकाक’. भूर्जाची साल मुळांच्या दोऱ्याने शिवून केलेले. ही साल उन्हाळ्याच्या तोंडावरच सहज सुटते. म्हणजे डब्यांची तयारी आदल्या वर्षीची.

2023-24 च्या विक्रमी उबदार हिवाळ्यात मिनेसोटा, विस्कॉन्सिनमध्ये रस फेब्रुवारीतच वाहू लागला. एकदा कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम तिथेच संपतो.