काळे ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे

कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर रात्रंदिवस ऊस ओढतात. ऑइल बदलून काही तासच झालेले असतात, तरी डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) काळी निघते आणि ऑइल भेसळीचे असावे, अशी शंका येते. ही शंका बहुतेक वेळा निराधार असते.

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. पिस्टनने दाबलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो. सगळे डिझेल पूर्ण जळत नाही. उरलेल्या काजळीतली थोडी ऑइलमध्ये उतरते. ऑइलमधील डिस्पर्संट (काजळीचे कण सुटे ठेवणारे रसायन) ती भागांवर साचू देत नाही. मळके कपडे धुताना साबणाचे पाणी काळे होते, तसाच हा प्रकार. तेव्हा ऑइल बदलायचे ते रंग पाहून नव्हे, तर इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार.

लक्ष द्यावे ते दुसऱ्याच खुणांकडे. ऑइल दुधाळ दिसले, तर रेडिएटरचे पाणी त्यात शिरत असण्याची शक्यता असते; बऱ्याचदा हेड गॅस्केट गेलेले असते. ऑइल न ओतताही पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर इंधन आत झिरपत आहे. दोन्ही वेळा ऑइलचा थर कमकुवत होऊन बेअरिंग झिजतात. अशा वेळी इंजिन चालवू नये. आधी मेकॅनिकला दाखवावे.